गाडी बार्शीपर्यंतच होती

पोस्टकार्डावर चारच ओळी होत्या. पाठवणारे गृहस्थ कुर्डुवाडीचे, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. माझी त्यांची ओळख नव्हती. आमच्या गावच्या यात्रेची स्मरणिका कुणा पाहुण्यामार्फत त्यांच्या हाती पडली होती आणि तिच्यातला गावच्या रेल्वे स्टेशनवरचा माझा लेख त्यांनी वाचला होता. ‘लेख आवडला. पण १८९७ साली गाडी बार्शीपर्यंतच होती. तुमच्या बाजूला ती १९११ साली आली. पुढील वेळी दुरुस्त करावे.’

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. तरी बार्शी लाईट रेल्वे १८९७ साली सुरू झाली एवढं एक वाक्य कुठंतरी वाचून मी ते साल आमच्या स्टेशनला लावून मोकळा झालो होतो. सुरू झाली म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे बघितलं नव्हतं. तेवढ्यावर भागलं असतं तर पुढच्या वर्षी चार ओळींची दुरुस्ती छापून विषय संपला असता. पण त्या सालासाठी मी माझ्या आजीची गोष्ट बदलली होती.

आजी सांगायची, “मामंजी गाडी बघायला बार्शीला गेलते. कापसाची गाडी घेऊन. दोन मुक्काम करून.” मामंजी म्हणजे माझे पणजोबा. लहानपणी मी तिला विचारायचो, “आजी, स्टेशन तर आपल्या गावात आहे, मग बार्शीला कशाला?” ती म्हणायची, “ते मला ठाव न्हाय. गेलते एवढं खरं.” लेख लिहिताना मला वाटलं, म्हातारपणी तिची काहीतरी गफलत होत असणार. मी लिहिलं, ‘माझ्या पणजोबांनी गावच्या स्टेशनात पहिली गाडी पाहिली.’ आजी जाऊन तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती. ‘असं न्हाय रं’ म्हणायला ती नव्हती.

त्या पोस्टकार्डानं मला पुन्हा वही उघडायला लावलं. स्मरणिकेपुरता घेतलेला विषय त्यानंतर अठरा वर्षं माझ्याजवळ राहिला.

आधी लाईनविषयी सांगायला हवं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही कल्पना. मोठी लाईन पुण्याहून सोलापूरला गेली ती बार्शीला बाजूला ठेवून. बार्शी म्हणजे कापसाची, गळिताची, धान्याची मोठी पेठ, आणि माल मोठ्या लाईनवर न्यायचा तर बैलगाडीशिवाय उपाय नव्हता. कॅलथ्रॉपचं म्हणणं असं की, रूळ अडीच फुटांच्या अंतरावर टाकले आणि इंजिनापासून मालडब्यापर्यंत कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही, तर हलके, स्वस्त रूळसुद्धा भरपूर माल ओढू देतात. डबे लहान दिसले तरी पोटानं मोठे हवेत आणि वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलेलं हवं. १८९५ साली लंडनमध्ये कंपनी उभी राहिली. लीड्सच्या किट्सन कारखान्यात आठ जोडचाकांची इंजिनं बनली. डबे भारतात पाठवण्याआधी १८९६ साली लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम रूळ टाकून लोकांना ते चालवून दाखवले. पुढच्या वर्षी कुर्डुवाडी ते बार्शी अशी पस्तीसेक किलोमीटरची लाईन चालू झाली. कुर्डुवाडी स्टेशनचं नाव तेव्हा बार्शी रोड होतं.

म्हणजे पणजोबा बार्शीला गेले ते बरोबरच होतं. गाडी तिथंच होती. आमच्या गावात तेव्हा रूळ नव्हते, स्टेशन नव्हतं, काहीच नव्हतं. १९०६ साली लाईन एका अंगानं पंढरपूरला पोचली आणि दुसऱ्या अंगानं येडशीचा घाट चढून तडवळ्यापर्यंत आली. तिथून पुढं लातूरला जायला १९११ उजाडलं. आमचं गाव या शेवटच्या तुकड्यात, तडवळ्याच्या पुढं आणि लातूरच्या अलीकडं. १९२७ साली पंढरपूर-मिरज झालं आणि लाईन दोनशे दोन मैलांची, म्हणजे सव्वातीनशे किलोमीटरची झाली. कॅलथ्रॉप त्याच वर्षी वारले.

आजीची गोष्ट मला खोटी वाटली, कारण माझ्या डोक्यात स्टेशन कायमच गावात होतं. पोस्टकार्ड आल्यावर मी पहिलं काम केलं ते म्हणजे लेखासाठी ज्यांना भेटलो होतो त्यांची यादी काढली. एकवीस माणसं होती. त्यांच्यापैकी प्रत्येकाचं काही ना काही मी ‘सुधारून’ घेतलं होतं. पुन्हा सगळ्यांकडं जायचं ठरवलं. तोवर नऊ जण गेले होते. त्यांनी मूळ काय सांगितलं होतं ते आता माझ्या वहीत नाही, कुठंच नाही. याची बोच अजून जात नाही.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा विचारण्याची पद्धत बदलली. पहिल्या खेपेला मी साल विचारायचो. “पहिली गाडी कधी आली? कोळशाचं इंजिन कधी बंद झालं?” माणसं गोंधळायची, अंदाजानं काहीतरी सांगायची आणि मी ते तारखेसारखं लिहून घ्यायचो. आता मी विचारू लागलो, “स्टेशनवर जाताना हातात काय असायचं?” या एका प्रश्नानं वही भरू लागली. दुरडीत झाकलेल्या कोंबड्या. लेकीच्या पहिल्या सणाची शिदोरी. लातूरच्या दवाखान्यात न्यायचा पोरगा, घोंगडीत गुंडाळलेला. एका आजोबांनी सांगितलं, त्यांच्या वडिलांच्या कमरेला दोन कसे असायचे. एकात हाली शिक्क्याचे पैसे, दुसऱ्यात कळदार. आमचं गाव निजामाच्या राज्यात आणि बार्शी इंग्रजांच्या मुलखात. एकाच दिवशी दोन राज्यांत बाजार करायचा तर दोन नाणी जवळ लागायची.

सरहद्दीची ही बाजू मी शाळेत कधी शिकवलीच नव्हती. मुक्तिसंग्राम शिकवायचो. सप्टेंबर १९४८ ची पोलीस कारवाई, सरहद्दीवरची स्वातंत्र्यसैनिकांची शिबिरं, सगळं फळ्यावर यायचं. पण आपल्याच गावची गाडी रोज ती सरहद्द ओलांडायची, याकडं माझं लक्ष गेलं नव्हतं. नव्वदी ओलांडलेल्या एका मावशींनी मला करोडगिरीविषयी सांगितलं. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. त्यांच्या बहिणीच्या लग्नाचं लुगडं बार्शीहून आणायचं होतं. गाठोडं उघडायला लावलं तर पैसे पडणार. म्हणून त्यांच्या आईनं नवं लुगडं अंगावर नेसलं आणि त्यावर जुनं. “उन्हाळ्याचे दिवस. गाडीत आईला घेरी आली. पर लुगडं आणलं.” हे सांगताना मावशींचा हात नकळत स्वतःच्या पदरावर गेला.

स्टेशनची पाटी आमच्या गावात एका गोठ्याच्या दाराला लावलेली होती. मालकानं ती मला बघू दिली. वरचा पिवळा रंग जिथं उडाला होता तिथं खालच्या थरात उर्दू अक्षरं दिसत होती. माझ्या वडिलांचं शाळेतलं पहिलं पुस्तक उर्दू होतं. ते हयात असते तर त्यांनी वाचलं असतं. मला गावातल्या मशिदीतल्या मौलवींना बोलवावं लागलं. त्यांनी गोठ्यात बसून, म्हशीच्या दावणीपाशी, बोटानं अक्षरं चाचपत गावाचं नाव वाचलं.

कागदपत्रं मिळाली ती किराणा दुकानात. लाईन बंद झाल्यावर स्टेशनातली रद्दी कुणी कुणी उचलली होती आणि तिच्या पुड्या झाल्या होत्या. दुकानदाराच्या पोटमाळ्यावर मालाच्या नोंदवहीचा अर्धा भाग शिल्लक होता. मी त्याला त्याबदल्यात नवी वर्तमानपत्रं दिली. नोंदी कोरड्या आहेत. काय चढलं, किती नग, कुठं गेलं. तूर, करडई, कापूस, शेंग, सरकी. पानामागून पान तेच. मग १९७२ च्या पावसाळ्यानंतरची पानं येतात. चढणारा माल आटत जातो आणि उतरणाऱ्या मालात कडबा येऊ लागतो, मायलो येऊ लागतो. आणखी काही महिन्यांनी चढणाऱ्या मालाच्या रकान्यात एक नवा शब्द दिसतो, ‘हाडे’. गावातली जनावरं मेली होती. त्यांची हाडं पोत्यांत भरून याच फलाटावरून गेली.

दुष्काळात मी अठरा वर्षांचा होतो. खडी फोडायच्या कामावर सुकडी खाल्लेली मला आठवते. गावातली तरणी माणसं छोट्या गाडीनं कुर्डुवाडीला आणि तिथून मोठ्या गाडीनं पुण्या-मुंबईला गेलेली आठवतात. हाडांची पोती मात्र मला आठवत नाहीत. मी त्यांच्या शेजारूनच गेलो असणार. त्या पानाला मी प्लॅस्टिकचं वेष्टण घातलं आहे. शाळेतली मुलं बघायला येतात तेव्हा ते पान मी सगळ्यात आधी दाखवतो.

आमच्या स्टेशनवरच्या पॉइंट्समनच्या बायकोकडं मी तिसऱ्या खेपेला गेलो तेव्हा ती खरं बोलली. आधीच्या दोन खेपांना तिनं “आमचे मालक असते तर सांगितलं असतं, मला बाईमाणसाला काय कळतं” म्हणून चहा पाजून मला परत लावलं होतं. तिसऱ्यांदा मी गाडीविषयी काहीच विचारलं नाही. तिच्या ओट्यावर रॉकेलचा जुना दिवा होता, त्याविषयी विचारलं. तेव्हा ती म्हणाली, “गुरुजी, हे सिग्नलचे दिवे मी भरलेत. सात वरसं.” नवऱ्याला दम्याचा त्रास होता. थंडीत त्याला शिडी चढवायची नाही. सांज व्हायच्या आत ती दिवे खाली उतरवायची, वात कापायची, काच राखेनं पुसायची, तेल घालायची. अंधार पडल्यावर शिडी चढून दिवे परत वर लावायची, म्हणजे कुणी बघायला नको. मास्तरांना ठाऊक होतं, ते बोलले नाहीत. हजेरीवर सही नवऱ्याची. “एकदा वारा लई व्हता. तिनदा दिवा इजला, तिनदा चढले. पोटात थोरला व्हता.” मी विचारलं, भीती नाही वाटली? ती म्हणाली, “गाडी अंधारात आली असती तर?”

त्या दिवशी मी घरी येऊन वहीचं पहिलं पान फाडलं. तिथं मी स्टेशन मास्तरांची यादी करत होतो, कोण कधी आलं, कधी बदलून गेलं. ती यादी पुढं मी दुसरीकडं लिहिली, ती टाकून दिली नाही. पण पहिल्या पानावर आता या बाईचं सांगणं आहे.

ऐकीव गोष्टींचा मी नको तितका संशय घ्यायचो, त्याचा आणखी एकदा मला धडा मिळाला. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात फिटर म्हणून राबलेले एक वृद्ध गृहस्थ मला म्हणाले, “आपली लाईन काढणाऱ्या सायबानं पुढं विमानातून उडी मारायची छत्री काढली.” मी मान डोलावली आणि लिहून घेतलं नाही. रेल्वेवाल्याचा आणि पॅराशूटचा संबंध काय? पुढं कॅलथ्रॉपविषयी वाचायला मिळालं तेव्हा समजलं की ते अक्षरशः खरं आहे. त्यांचे मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधले, १९१० साली विमान कोसळून गेले. त्यानंतर कॅलथ्रॉप यांनी वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायचा ध्यास घेतला. त्यांच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात ते वापरलंही गेलं. कारखान्यातल्या कामगारांनी पिढ्यान्पिढ्या ही गोष्ट तोंडी सांभाळली होती. मी त्या फिटरना हे सांगायला गेलो. ते म्हणाले, “मग? मी काय खोटं सांगत हुतो का?” मी त्यांच्या पाया पडलो.

आषाढीविषयी मात्र सगळ्यांचं एकमत. छोटी गाडी पंढरपूरलाही जात असल्यामुळं आमच्या बाजूच्या वारकऱ्याला रुंदी बदलायची कटकट नव्हती. प्रवासी डबे पुरायचे नाहीत तेव्हा मालाचे डबे वारकऱ्यांसाठी जोडायचे. टाळ-मृदंग घेऊन माणसं त्यात दाटीवाटीनं उभी. टपावरही माणसं. आमच्या स्टेशनवर गाडी थांबली की फलाटावरूनच भजन सुरू व्हायचं आणि गाडी सुटली तरी डब्यातलं आणि फलाटावरचं एका तालात चालायचं, ऐकू येईनासं होईपर्यंत. हे मी स्वतः लहानपणी ऐकलं आहे. हे कुणाला विचारून लिहिलेलं नाही.

१ जानेवारी १९५४ ला सरकारनं कंपनीकडून लाईन ताब्यात घेतली. माझा जन्म त्याच वर्षीचा. पुढं मालाची गंमत संपत गेली. आमची लाईन अडीच फुटांची, मोठी लाईन साडेपाच फुटांची. कुर्डुवाडीला प्रत्येक पोतं छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायचं. हमाली वाढली, वेळ वाढला. ट्रक आले आणि दारातून माल उचलू लागले. शेवटी रुंदीकरण ठरलं. २००८ पर्यंत कुर्डुवाडी ते लातूर सगळी ब्रॉडगेज झाली. नवी लाईन जिल्ह्याच्या गावाला, तेव्हाच्या उस्मानाबादला म्हणजे आजच्या धाराशिवला, जोडून घेत गेली. जुनी लाईन येडशीवरून जायची आणि उस्मानाबाद तिच्या वाटेत नव्हतं. हे शहाणपणाचंच झालं, असं मला वाटतं. जिल्ह्याच्या ठिकाणाला रेल्वे हवीच. आमच्या शिवारात नवे रूळ थोडे बाजूला सरकले आणि थांबा राहिला नाही.

आता स्टेशनवर काय आहे? दगडी भिंती आहेत, पत्रे गेले. तिकिटाच्या खिडकीचं भोक आहे. त्याच्या कडा इतक्या गुळगुळीत झाल्या आहेत की हात फिरवताना दगड वाटत नाही. फलाटावर बाभळी. वापरात आहे ती एकटी विहीर. इंजिनाला पाणी द्यायला कंपनीनं खोदलेली. अजूनही गावातले तीन वाडे आणि दलित वस्ती तिच्यावर पाणी भरतात. २०१६ च्या उन्हाळ्यात तीसुद्धा तळाला गेली.

त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेनं नेलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. १२ एप्रिलला ती लातूरला पोचली. पुढं पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. वाट कोणती तर मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. बार्शी लाईटचीच वाट, फक्त रूळ रुंद. गावातली माणसं रात्री ती बघायला बांधावर जाऊन बसायची. मीही गेलो. पॉइंट्समनच्या बायकोला नातवानं खांद्याला धरून आणलं होतं. गाडी वेगानं गेली, भरलेल्या वाघिणींचा आवाज जड येतो. ती म्हणाली, “आमच्या टायमाला इंजिन थांबलं की आमीच त्याला पानी पाजायचो.” आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

एक प्रसंग राहिला. गावात एक आबा होते, पंच्याऐंशीच्या पुढचे. ते माझ्याशी स्टेशनविषयी बोलायला टाळायचे. गेल्या वर्षी स्वतः घरी आले. हातात कापडी पिशवी. म्हणाले, “गुरुजी, स्टेशन आमच्यामुळं गेलं.” मला कळेना. मग हळूहळू कळलं. तरुणपणी ते आणि त्यांचे सोबती आठवडी बाजाराला बिगर तिकिटाचे जायचे. गाडी इतकी सावकाश चालायची की स्टेशनाच्या अलीकडं उडी मारून उतरता यायचं. पुढं स्टेशन बंद झालं तेव्हा कुणीतरी पारावर म्हणालं, तिकिटं खपत नव्हती म्हणून सरकारनं उचललं. ते आबांच्या मनात रुतून बसलं. पिशवीत पैसे होते, दहा-वीसच्या नोटा, मोजून बांधलेल्या. “राहिलेली तिकिटं.”

मी अंगणात काठीनं दोन जोड्या रेघा ओढल्या. एक अडीच फुटांची, एक साडेपाच फुटांची. कुर्डुवाडीला पोती कशी उतरायची ते सांगितलं. आबांना पोत्यांचं ठाऊक होतं, त्यांनी स्वतः हमाली केली होती. त्यांनी रेघांकडं बराच वेळ बघितलं. म्हणाले, “म्हंजे आमच्यामुळं न्हाय?” मी म्हणालो, “नाही आबा.” तरी पिशवी त्यांनी परत घेतली नाही. “पैसे तर राहिलेच की.”

आठवड्यानं मी त्यांना घेऊन बसनं धाराशिवला गेलो. त्यांच्याच पैशांतून लातूरची दोन तिकिटं काढली. आबांनी आपलं तिकीट दोन्ही हातांत धरलं. खिडकीशी बसले. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आपलं गाव आलं की बोट दाखवीन, पण गरज पडली नाही. जुन्या स्टेशनाजवळचं लिंबाचं झाड लांबून दिसताच ते अर्धे उठले. भिंती दिसल्या, विहीर दिसली, विहिरीवर एक बाई कळशी वर ओढत होती. तेवढ्यात मागं पडलं. समोर बसलेल्या कॉलेजच्या मुलाला आबा म्हणाले, “हितं थांबायची.” त्यानं कानातली वायर काढली आणि मागं वळून बघितलं.

लातूरपर्यंत टीसी आला नाही. बाहेर पडताना दारातही कुणी नव्हतं. तिकीट कुणाला दाखवायचं, असं आबांनी मला दोनदा विचारलं. मग माझ्या हातात दिलं. म्हणाले, “वहीत ठिवा.”